पोरीचा फोन आणि माझी जीभ

माझी जीभ तिखट आहे हे आमच्या गावात लहान पोरांनाही ठाऊक आहे. अंगणवाडीत पोरांची वजनं घेता घेता मी त्यांच्या आयांची खरडपट्टी काढते. त्या गुमान ऐकून घेतात, कारण पुढच्या महिन्यात पोराला घेऊन पुन्हा माझ्याकडेच यायचं असतं. अशा बाईनं एकदा तोंडाशी आलेली शिवी गिळली आणि त्यामुळे तिच्या पोरीचं शिक्षण वाचलं, ही गोष्ट मी गेली कितीतरी वर्षं ऐकणाऱ्यांना आणि न ऐकणाऱ्यांनाही सांगत आले आहे. स्वतःचीच पाठ थोपटून घेते म्हणा हवं तर. पण त्यात माझ्यापेक्षा माझ्या पोरीची हिंमत मोठी आहे, म्हणून सांगायला मला जास्तच आवडतं.

आमचं गाव कुरखेड्याच्या पुढं, आत. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, ती संपली की जंगल. पोरगी दहावी पास झाली आणि अकरावीसाठी रोज एसटीनं कुरखेड्याला जाऊ लागली. सकाळची गाडी वेळेवर यायची, संध्याकाळची तिच्या मनाला येईल तेव्हा. पहिल्याच पावसाळ्यात एकदा गाडी नाल्याच्या पलीकडे अडकली आणि पोरगी अंधार पडता पडता गुडघाभर चिखलात माखून घरी आली. तिचे बाबा तोवर फाट्यावर उभे राहून अर्धे झाले होते. ते फार बोलणारे नाहीत. पुढच्या बाजारच्या दिवशी कुरखेड्याला गेले आणि फोन घेऊन आले. रंगीत पडद्याचा, कॅमेरावाला. पोरीच्या हातात ठेवून एवढंच म्हणाले, "गाडी अडकली तर मोठ्या बाबाच्या फोनवर कळवजो."

मोठे बाबा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांचं घर आमच्या घराला लागून, अंगण एकच. ही दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. तेव्हा गावात फोन असे किराणा दुकानात, सरपंचाकडे आणि माझ्या दिरांकडे. पोरीच्या हातात फोन देणारे आम्हीच पहिले. दिरांनी तो पाहिला, उलटा केला, सुलटा केला आणि माझ्या नवऱ्याला परत देत म्हणाले, "हे बरं नाई केलं."  त्यांची स्वतःची मुलगी माझ्या पोरीपेक्षा वर्षानं मोठी. तिची शाळा आदल्या वर्षी दहावीनंतर थांबली होती. तिला अभ्यासात गोडी नाही, असं आम्हाला सांगितलं होतं.

मी साऱ्या गावाशी तोंड वाजवते, पण दिरांशी कधी थेट बोलत नसे. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर पदर डोक्यावर आणि जीभ दातांच्या आत. ते समोरच्या खाटेवर बसलेले असले तरी मी नवऱ्याला म्हणायची, "भाऊजीले सांगा, चहा झाला." नवरा सांगायचा, "चहा झाला." दीर म्हणायचे, "आण म्हणा." मग नवरा मला सांगायचा. एवढं होईपर्यंत चहा गार.

फोनला आमच्या घरात एकाच जागी रेंज मिळायची, अंगणातल्या मांडवाच्या कोपऱ्यातल्या खांबापाशी. पोरीनं माझ्या ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली आणि घरी असली की फोन त्या खांबाला टांगायची. हिरवं बटण दाबलं की बोलायचं, लाल दाबलं की संपलं, एवढं मी शिकले. हळूहळू गावात आणखी घरांत फोन आले आणि तरुण पोरापोरींच्या आयाबापांची झोप उडाली. एका घरी तर फोन पेटीत कुलूप लावून ठेवत. पेटीत घंटी वाजली की सारं घर किल्ली शोधायचं. दुसऱ्या घरचा बाप रोज जेवण झालं की पोराचा फोन तपासायचा. त्याला वाचता येत नव्हतं, तरी बटणं दाबत बसायचा. एकदा असाच त्यानं पोराच्या मास्तरला फोन लावला आणि मास्तर तिकडून हॅलो हॅलो करत राहिले.

लोक मला विचारायचे, तू पोरीचा फोन पाहतेस की नाही. मी नव्हते पाहत. मला कळत नव्हतं म्हणून नाही, तिनं मला मेसेज वाचायला शिकवलं होतं. पण मी ज्या बाईच्या हाताखाली वाढले तिची रीत वेगळी होती.

माझं माहेर कोरचीकडचं, याहूनही दाट जंगलातलं. उन्हाळ्याच्या तोंडाला मोहाची फुलं गळतात तेव्हा फटफटायच्या वेळी आम्ही साऱ्या बायापोरी टोपल्या घेऊन निघायचो. जंगलात गेलं की जी ती आपापल्या झाडाखाली. एकमेकींच्या पाठीमागे चिकटून राहिलं तर टोपली भरत नाही. पण मोह अस्वलालाही आवडतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एक जण हाक द्यायची आणि बाकीच्या जिथं असतील तिथून ओ द्यायच्या. कोणाची ओ आली नाही तर टोपल्या तिथंच टाकून सगळ्या तिच्या दिशेनं जायच्या. आणि एखादीनं भिऊन हाक दिली तर ती कुठंही गेलेली असो, तिला रागवायचं नाही, हे ठरलेलं.

तेरा-चौदा वर्षांची असताना मी नाल्याच्या पलीकडे गेले होते. तिकडे जायचं नाही असं आईनं बजावलं होतं, पण तिकडे फुलांचा सडा पडला होता. वाकून वेचत होते आणि मान वर केली तर समोर अस्वल, सोबत पिल्लू. मी ओरडले. बाया डबे बडवत, काठ्या आपटत आल्या, अस्वल पिल्लाला घेऊन झाडीत शिरलं. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. आईनं भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी मला पाजलं. एक काकू सुरू झाली, "तिकडं मरायले काऊन गेली होती वं?" आईनं तिला तिथंच थांबवलं. आई गोंडीत बोलायची, मी तिचं म्हणणं मराठीत लिहिते. ती म्हणाली, आज हाक दिली म्हणून शिव्या खाल्ल्या तर पुढच्या वेळी ही हाक देणार नाही, मुकाट उभी राहील. नाल्याच्या पलीकडे मी पुन्हा गेले नाही. ते मला कोणी सांगावं लागलं नाही.

आईची ही रीत मी माझ्या घरी चालवत होते, असं मला वाटायचं. पण तशी वेळ आली नव्हती, आणि वेळ येत नाही तोवर कोणतीही आई शहाणीच असते.

वेळ आली ती धानाच्या कापणीत. दिवाळीची सुट्टी होती. पोरगी आमच्यासोबत बांधीवर यायची. काही दिवसांपासून तिचं काहीतरी बिनसलं आहे हे मला दिसत होतं. फोन वाजला की धावत जाणारी पोरगी आता दचकायची. मग फोन वाजायचाच थांबला. पिशवी खांबावर रिकामी लोंबत होती आणि फोन बंद करून तिनं दप्तराच्या तळाशी ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाली, बिघडला.

त्या दुपारी तिचे बाबा भारे घेऊन खळ्याकडे गेले होते. आम्ही दोघीच होतो. ती कापता कापता थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, सुट्टी संपली का मी कॉलेजले नाई जाणार."

"काऊन?"

"असंच. घरी राहीन. तुले कामात मदत होईल."

जी पोरगी भांडी घासायला सांगितलं की पुस्तक तोंडासमोर धरते, तिला माझ्या मदतीचा एवढा पुळका आला म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. मी म्हटलं, "सरळ सांग, काय झालं?"

"तू चिडशील."

तिनं ते म्हटलं तेव्हाच मी चिडले होते. हातात विळा होता, जिभेवर शिव्यांची रांग लागली होती, आणि सगळ्यांत पुढची शिवी अगदी दातांपाशी आली होती. पण पोरगी ज्या रीतीनं अंग चोरून बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी होती, ते उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं. मी विळा खाली ठेवला. प्यायच्या पाण्याची डबकी तिच्यापुढे केली.

"पाणी पी. मंग सांग. मी नाई चिडत."

"खरंच?"

"चिडली तर तू मले शिव्या देजो. मी ऐकून घेईन."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. मग तिनं सांगितलं. पावसाळ्यात एका अनोळखी नंबरवरून मिस्ड कॉल आला होता. कोणी ओळखीचं असेल म्हणून तिनं उलटा फोन केला. तिकडे एक माणूस, बोलायला गोड. चुकून लागला म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर कोणीतरी बॅलन्स टाकला. मागोमाग त्याचा फोन, की माझ्यामुळे तुझे पैसे गेले म्हणून मीच टाकला.

इथं माझी पोरगी फसली, आणि ज्या रीतीनं फसली तसं आमच्याच भागातली पोर फसू शकते. आमच्याकडे शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर वाटी रिकामी परत जात नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर मीठ घालतात, पण काहीतरी घालतात. हे मीच तिला शिकवलं होतं, ती चार वर्षांची असल्यापासून वाट्या तीच पोचवायची. आता कोणी फोनमध्ये बॅलन्स टाकला. तो परत कसा करायचा तिला माहीत नव्हतं. तिनं मनाशी हिशेब केला, की ज्यानं टाकला त्याच्याशी कुरखेड्याला गाडीची वाट बघताना तेवढं बोलून टाकू म्हणजे फिटेल. ती बोलली. त्यानं पुन्हा टाकला. ती पुन्हा बोलली. वाटी काही रिकामी होईना. बोलता बोलता त्यानं तिचं कॉलेज, मैत्रिणी, येण्याजाण्याची गाडी सगळं काढून घेतलं. आणि दिवाळीच्या आधी म्हणाला, तुझं सगळं बोलणं मी रेकॉर्ड करून ठेवलं आहे, बसस्टँडवर एकटी भेटायला ये, नाहीतर तुझ्या बापाला ऐकवतो.

"काय काय बोलली होती तू?" मी विचारलं.

"काई नाई वं. कॉलेजच्या गोष्टी. सरांची नक्कल केली होती. आन…" तिनं ओढणी तोंडावर घेतली, "बाबा कसे घोरतात ते करून दाखवलं होतं."

मला हसू आलं. उभ्या धानात मी पोट धरून हसले, ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तीही हसली. पण तो माणूस समोर असता तर मी विळा खाली ठेवला नसता. पोरगी मुकाट राहिली असती, घाबरून एकटी बसस्टँडवर गेली असती तर काय झालं असतं, हे मी आजही पूर्ण मनात आणू शकत नाही. ती गेली नाही. माझ्यासारख्या तोंडाळ आईजवळ येऊन बोलली. मला तिचा अभिमान वाटला, आणि मी तो तिथंच बोलून दाखवला. म्हटलं, "मले सांगितलं, लय चांगलं केलं."

घरी आल्यावर तिच्या बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. अंगण एकच असल्यानं दिरांच्या कानावर गेलंच. ते आले आणि उभ्या उभ्या निकाल दिला.

"कॉलेज बंद. फोन इकडे दे. पोरगा पाहायले लागू."

माझा नवरा मोठ्या भावापुढे कधी बोलला नव्हता. तेव्हाही जमिनीकडे बघत राहिला. पोरगी दारात उभी होती, तिचा चेहरा मला दिसत होता. तिनं मला विश्वासानं सांगितलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत तिचं कॉलेज गेलं. सांगण्याची तिला हीच किंमत मोजावी लागणार होती. दुपारी मी गिळलेली सगळी जीभ तेव्हा बाहेर आली. नवऱ्यामार्फत नाही, थेट.

"भाऊजी," मी म्हटलं, "पोरगी सोता येऊन बोलली. कोणी पकडून नाई आणली. आज तिचं कॉलेज बंद केलं तर ती काय शिकेल? का जो सांगते त्याचंच नुकसान होते. उद्या लग्न होऊन गेली, तिथी कोणी काई केलं, तर कोणाले सांगेल ते? मले तं नाई सांगणार. तुमाले तं नाईच."

 माझा पदर खांद्यावर आला होता हे मला नंतर कळलं. माझी जाऊ दारातून बघत होती, तिच्यामागे तिची मुलगी. दिरांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, त्यांनी पहिल्यांदा मला सरळ विचारलं, "मंग तू काय करतं?"

"त्याले तिच्या बाबाले ऐकवायचं आहे ना? ऐकून घेऊ. सगळे बसून ऐकू."

पोरीनं दप्तरातून फोन काढला, सुरू केला आणि पिशवीत घालून खांबाला टांगला. आम्ही चहा घेत बसलो.  गायी घरी यायच्या वेळेला फोन वाजला. मी तिला म्हटलं, मी बोलू का. तिनं नको अशी मान हलवली. हिरवं बटण तिनंच दाबलं आणि आवाज मोठा करायचं बटणही.

"फोन काऊन बंद होता तुझा?" तिकडून आवाज आला. "एकटी आहेस ना?"

"नाई," पोरगी म्हणाली.  "माझी आई आहे. बाबा आहेत. मोठे बाबा आन मोठी आई आहे. तुम्ही रेकॉर्ड ऐकवणार होते ना बाबाले? ऐकवा. सगळे बसून राह्यले."

तिकडे नुसती खरखर. आणि मग माझा न बोलणारा नवरा खाटेवरून उठला, खांबापाशी आला, फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "मी घोरतो, ते आधी ऐकवा न भाऊ."

फोन कटला. आमच्या अंगणात जो हशा झाला तो शेजारच्या घरापर्यंत गेला असेल. पोरगी बापाच्या पाठीला डोकं टेकवून हसत होती आणि रडत होती. ते ओशाळून गायींकडे निघून गेले. त्या माणसाशी मी संसार करते याचा मला त्या संध्याकाळी जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. फक्त दीर हसले नाहीत. ते बराच वेळ त्या पिशवीकडे बघत बसले. मग म्हणाले, "नंबर लिहून ठेव. उद्या ठाण्यात जाऊ." आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी ते, माझा नवरा आणि पोरगी कुरखेड्याला ठाण्यात गेले. माणूस सापडला. एका टपरीवर रिचार्ज करून द्यायचा. पोरी रिचार्ज करायला आल्या की नंबर सांगायच्या, आणि तो नंबर त्याच्याकडे राहायचा. त्याचा फोन पुन्हा आला नाही. पण माझी पोरगी तिथं थांबली नाही. सुट्टी संपली, ती कॉलेजला जाऊ लागली, आणि गाडीत एकेका पोरीला विचारू लागली. आणखी काही जणींना त्याच नंबरवरून फोन येत होते. सगळ्या गप्प होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या एकटीलाच. तिनं त्यांना सांगितलं, रिचार्ज करायला नंबर सांगू नका. खरवडायचं कूपन मिळतं ते घ्या, आकडे घरी येऊन स्वतः टाका. अनोळखी माणसानं बॅलन्स टाकला तर त्याचं काही देणं लागत नाही. आणि घरी सांगा.

यावर एक पोरगी तिला म्हणाली, "घरी सांगितलं तर पहिले मीच मार खाईन." माझ्या पोरीनं ते मला येऊन सांगितलं. त्यावरून मी अंगणवाडीत आयांना बोलावलं.

अंगणवाडीत आयांना बोलावणं नवं नव्हतं. त्या खिचडी आणि लसीचं ऐकायला येतात आणि चटईवर बसून गप्पा मारतात. त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, पोरांपासून फोन कसा लपवायचा हे नका विचारू. पोरगी किंवा पोरगा येऊन म्हणाला, "आई, मले काई सांगायचं आहे," तर तुमच्या तोंडून पहिली गोष्ट काय निघेल तेवढं बोलून दाखवा. माझी पोरगी पुढे उभी राहिली. ती प्रत्येकीची पोर झाली.

पहिली बाई आली. पोरगी म्हणाली, "आई, फोनवर एक माणूस मले त्रास देऊन राह्यला." बाईनं तोंड उघडलं आणि निघालं, "भवाने, तुले किती खेपा सांगितलं…" सगळ्या हसल्या. तिनं जीभ चावली. पुन्हा केलं. पुन्हा तेच निघालं, फक्त भवानीच्या जागी आणखी वाईट शब्द. दुसरी आली, तिचा थेट हातच वर गेला. मग हसणं थोडं कमी झालं. सगळ्यांना कळायला लागलं की हे सोपं नाही. एकीनं "बस इथी" असं म्हटलं, आम्हाला तेवढंही पुरेसं वाटलं. मी त्यांना सांगितलं, फोन कुठं ठेवायचा, किती वेळ बघायचा, हे नियम पोरांसोबत बसून ठरवा, ते मोडले तर ओरडा, मीही ओरडते. पण पोर सांगायला आलं तर त्या वेळी जीभ आत. ओरडायला अख्खा जन्म पडला आहे.

माझी जाऊ मागे भिंतीला टेकून बसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती उठली, माझ्या पोरीसमोर आली. पोरगी म्हणाली, "आई, मले काई सांगायचं आहे."   जाऊ आमच्याकडे वळली.

"माझ्या पोरीनं मले असंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "मागच्या साली. तिच्या बाबाच्या फोनवर कोणी तिच्यासाठी फोन करत होतं. तिनं बोलायले सुरुवात केली आन म्या हातातलं उलथनं मारलं. मंग तिच्या बाबानं शाळाच बंद केली. ते तं पूरं सांगूबी शकली नाई."

 तिच्या मुलीला अभ्यासात गोडी नाही, हे आम्ही सगळ्यांनी वर्षभर खरं मानलं होतं. जाऊनं माझ्या पोरीला विचारलं, "आता विचारलं तं सांगेल काय ते?"

"विचारून पाहा, मोठी आई," पोरगी म्हणाली.

त्या संध्याकाळी पलीकडच्या घरात मायलेकी चुलीपाशी बसलेल्या मला दिसत होत्या. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही आणि मी कान दिला नाही. भांडं आदळल्याचा आवाज मात्र आला नाही. दीर बाहेर खाटेवर बसले होते, हातात विडी, न पेटवलेली. जाऊ बाहेर आली, त्यांच्याजवळ बसली आणि हळू आवाजात खूप वेळ बोलत राहिली. ते मध्ये एकदा उठायला लागले, तिनं त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं. आमच्याकडे बाई नवऱ्याला असं अंगणात हाताला धरत नाही.

पुढं काही महिने या गोष्टीचं नाव कोणी काढलं नाही. उन्हाळा गेला. माझी पोरगी बारावीत गेली. जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी मी तिला सोडायला फाट्यावर गेले, तर तिथं दीर उभे. बाजूला त्यांची मुलगी, नवं दप्तर, केसांना तेल लावून दोन वेण्या घातलेल्या. दोन वर्षं वाया गेली होती, पण अकरावीत तिचं नाव लागलं होतं. ती आनंदात होती की घाबरलेली, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. माझ्या पोरीनं तिचा हात धरला.

गाडी आली. माझी पोरगी आधी चढली आणि तिला जागा धरायला आत गेली. दिरांची मुलगी पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात त्यांनी तिला थांबवलं. खिशातून स्वतःचा फोन काढला आणि तिच्या हातात दिला.  गावात ज्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही त्या माणसाला शब्द सापडत नव्हते. कंडक्टर घाई करत होता.

"काई झालं," ते म्हणाले, "तं मलेबी सांगजो बाई. मी नाई चिडणार."

त्यांची मुलगी एक पाय पायरीवर, एक पाय खाली ठेवून तशीच बापाकडे बघत राहिली. कंडक्टरनं दोनदा आवाज दिला, गाडीतले लोक माना बाहेर काढून बघू लागले. मग ती म्हणाली, "हो बाबा." आणि दार लागून गाडी निघेपर्यंत ती खिडकीतून तेच म्हणत राहिली.